६.५ की ७ एमएम: पहिल्या एल्क हंगामासाठी काडतूस निवडताना आणि भरताना

गेल्या काही महिन्यांत कोलोरॅडोतल्या मराठी मंडळींकडून मला एकच प्रश्न फिरून फिरून आला: एल्कसाठी (हरणांच्या कुळातलं मोठं जनावर) रायफल घ्यायची तर कुठल्या काडतुसाची? उत्तर एका ओळीत देता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय. जानेवारी २०२५ पासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मी काय केलं, किती खर्च आला, कुठे खोळंबलो, ते सगळं क्रमाने.

आधी माझी पाटी किती कोरी होती ते सांगतो. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ च्या रायफलने पाच गोळ्या झाडल्या होत्या, तेवढाच अनुभव. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच उरला नाही, त्यामुळे घरात कुणाकडून ऐकलेलं काही गाठीशी नव्हतं. शेजारचे एक आजोबा मात्र दर ऑक्टोबरात एल्कच्या मागे डोंगरात जातात आणि काडतुसं घरीच भरतात, म्हणजे रिकाम्या केसमध्ये (काडतुसाचं धातूचं कवच) नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू) आणि गोळी बसवतात. पुढच्या हंगामाला मला सोबत न्यायला ते तयार झाले. अट एकच होती. कागदपत्रं आणि रायफल माझी मी बघायची.

जानेवारीत हंटर एज्युकेशनपासून, म्हणजे शिकाऱ्यांसाठीच्या सुरक्षा-वर्गापासून सुरुवात केली. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कोलोरॅडोत शिकारीचा परवाना मिळत नाही. मी ऑनलाइन भाग घरी केला (चाळीस डॉलरच्या आत झाला) आणि मग एका शनिवारी प्रत्यक्ष वर्गाला गेलो. वर्गात निम्मी शाळकरी मुलं होती आणि कुंपण ओलांडताना रायफल कशी ठेवायची याची उत्तरं ती माझ्याआधी देत होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे वर्ग पटापट भरतात, कारण एल्कच्या परवान्यांसाठी जी लॉटरी निघते तिच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला असते. २०२५ ला ती १ एप्रिल होती. दिवाळीनंतरच वर्ग उरकून घेतलात तर बरं.

शिकारीच्या नियमांच्या पुस्तिकेत कायद्याची किमान अट दिलेली असते: एल्कसाठी सेंटरफायर रायफल (प्रायमर केसच्या बुडाच्या मध्यभागी असलेली), व्यास किमान .२४ इंच, गोळी किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा. ग्रेन म्हणजे वजनाचं एकक. एका पाउंडात ७,००० ग्रेन. हे वाचून वाटलं होतं की यादी छोटी होईल. पण शिकारीची म्हणून विकली जाणारी बहुतेक काडतुसं या चाळणीतून आरामात पार होतात. कायद्याकडून निवडीला काही मदत होत नाही.

जानेवारीच्या शेवटी लास व्हेगासच्या शॉट शोमधून (बंदुका आणि शिकारीच्या सामानाचं व्यापारी प्रदर्शन) बातमी आली ती फेडरल कंपनीच्या ७ एमएम बॅककंट्रीची. पितळेऐवजी पोलादी मिश्रधातूची केस आणि ८०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) दाब. नेहमीच्या मॅग्नम (जास्त पावडरच्या, जोरदार) काडतुसांचा दाब ६५,००० च्या आत असतो, म्हणजे ही उडी मोठीच. दावा असा की १७० ग्रेनची गोळी २० इंची नळीतूनही सेकंदाला ३,००० फूट वेगाने जाते. मी उत्साहाने आजोबांना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारलं, "रिकामी केस कुठे मिळते याची?" तेव्हा मला तो प्रश्न म्हाताऱ्या माणसाची खोड वाटला. पुढे सहा महिने मी तोच प्रश्न प्रत्येक काडतुसाला विचारत फिरलो.

आता मुख्य भाग. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ६.५ ते ७ एमएम या मधल्या पट्ट्यात इतकी नवी काडतुसं का आली, हे समजलं की अर्धा गोंधळ कमी होतो. .२७० विंचेस्टर १९२५ चं, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं. दोघंही आजही उत्तम एल्क मारतात. पण त्यांच्या नळीतल्या आट्या (गोळीला गिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) सावकाश वळतात; .२७० मध्ये साधारण १० इंचांत एक फेरा. त्याने मध्यम लांबीची गोळी स्थिर राहते, खूप लांब गोळी राहत नाही. लांब, निमुळती, जड गोळी हवा जास्त चांगली कापते, वाऱ्याने कमी सरकते आणि लांबवर वेग टिकवते. ती वापरायची तर आट्या ८ इंचांत एक अशा हव्यात, आणि केस थोडी आखूड हवी, म्हणजे लांब गोळी पावडरच्या जागेत न घुसता मॅगझिनमध्ये मावते. नव्या काडतुसांचं सगळं तत्त्व एवढंच आहे. बाकी जाहिरात.

या विचाराचं पहिलं यशस्वी अपत्य म्हणजे हॉर्नडीचं २००७ सालचं ६.५ क्रीडमोर. १४३ ग्रेनची गोळी २,७०० फुटांच्या वेगाने. त्याचाच मोठा भाऊ ६.५ पीआरसी २०१८ चा: तीच गोळी, वेग २,९६०. विंचेस्टर आणि ब्राउनिंग यांनी २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न आणलं. यात .२७० च्याच व्यासाची, म्हणजे .२७७ इंचाची गोळी आहे, पण वजन १६५ ते १७५ ग्रेन. आणि २०२२ च्या शेवटी ७ एमएम पीआरसी आलं: १७५ ग्रेन, ३,००० फूट. पीआरसी घराण्यात केसच्या बुडाला जुन्या मॅग्नमसारखा पट्टा नसतो. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) केसच्या खांद्यावर, म्हणजे केस अरुंद होते त्या उतारावर टेकतं. घरी भरणाऱ्याला याचा फायदा मोठा आहे. तो पुढे सांगतो.

फेब्रुवारी ते मे या काळात मी एक स्प्रेडशीट केली. आयटीतला माणूस दुसरं काय करणार? वेग, ऊर्जा, ३०० यार्डांवरची घट (गोळी किती खाली येते ती), वाऱ्याने सरकणं, सगळं भरलं. रायफल २०० यार्डांवर झीरो केलेली (नेम त्या अंतराला जुळवलेला) असेल तर ३०० यार्डांवर क्रीडमोर आणि ७ एमएम पीआरसी यांच्या घटीत फरक येतो साधारण दोन इंचांचा. एल्कच्या छातीचा पिंजरा केवढा असतो हे लक्षात घेतलं तर दोन इंचांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटायला लागलं. ५०० यार्डांपुढे फरक खरोखर वाढतो, पण पहिल्या वर्षी मी ५०० यार्डांवरून जनावरावर गोळी झाडणार नव्हतो, आणि तुम्हीही झाडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्प्रेडशीटमध्ये एक रकाना मात्र डोळ्यात भरला: झटका, म्हणजे गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का. साडेआठ पाउंडांच्या रायफलमध्ये क्रीडमोरचा झटका १२-१३ फूट-पाउंड, ६.५ पीआरसीचा १८ च्या आसपास, ७ एमएम पीआरसीचा २६-२७. पहिल्यापेक्षा शेवटचा दुपटीहून जास्त. कागदावर हे नुसते आकडे असतात.

मे महिन्यात एका रविवारी आजोबांनी मला रेंजवर नेलं. त्यांच्याकडे क्रीडमोर आणि ६.५ पीआरसी होतं. त्यांच्या मित्राने ७ एमएम पीआरसी आणली होती, हलक्या कार्बन नळीची, पुढे मझल ब्रेक लावलेली. ब्रेकने झटका खूप कमी होतो हे खरं, पण आवाज असा येतो की कानात प्लग आणि वर इअरमफ दोन्ही घालूनही दातांत जाणवतो. आजोबांनी मला पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एक डमी मिसळली. डमी कितव्या नंबरावर आहे हे मला माहीत नव्हतं. ७ एमएम पीआरसीवर डमी आली तेव्हा नुसतं 'टक्' झालं आणि नळीचं टोक आपसूक खाली गेलं, चांगलं बोटभर. म्हणजे झटक्याच्या भीतीने मी गोळी सुटायच्या आधीच रायफल ढकलत होतो. ६.५ पीआरसीवर टोक जरासं हललं. क्रीडमोरवर जवळपास नाहीच. ही चाचणी फुकट आहे आणि मित्राच्या रायफलवर करता येते. कुठलंही काडतूस घेण्याआधी करून बघा.

मे अखेरीस लॉटरीचा निकाल लागला. मला टॅग (एका जनावराचा परवाना) नाही, त्याऐवजी एक प्रेफरन्स पॉइंट, जो पुढच्या लॉटरीत कामी येतो. हे अपेक्षित होतं. पहिल्याच वर्षी चांगल्या युनिटचा (शिकारीसाठी आखलेल्या विभागाचा) टॅग क्वचितच लागतो. रहिवाशांसाठी पश्चिमेकडच्या बऱ्याच युनिटांत दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामाचे नर एल्कचे टॅग लॉटरीशिवाय मिळतात, ते ऑगस्टमध्ये विक्रीला येतात. तोवर रायफल ठरवायची होती.

जूनमध्ये मी उलट बाजूने सुरुवात केली. वेगाचे तक्ते मिटले आणि वही घेऊन दुकानं पालथी घातली. प्रत्येक काडतुसासाठी चार रकाने: तयार काडतूस, रिकामी पितळी केस, गोळी, पावडर. प्रायमर सगळ्यांना जवळपास तेच लागतात. फळीवर वस्तू दिसली की किंमत लिहायची, नसेल तर फुली मारायची. शहरातली मोठी दुकानं, एक छोटं जुनं दुकान, आणि ऑनलाइन साठ्याची पानं. आठवड्याच्या सुट्टीत एक फेरी, असं महिनाभर चाललं.

क्रीडमोरच्या ओळीत फुली जवळपास नाही. सगळ्या कंपन्यांच्या केस, सगळ्या वजनांच्या गोळ्या. एक गंमत लक्षात ठेवा: क्रीडमोरच्या केस दोन प्रकारच्या येतात. हॉर्नडीच्या केसला मोठा रायफल प्रायमर लागतो, लापुआच्या केसला छोटा. दोन्ही एका डब्यात मिसळल्या की प्रायमर बसवताना कटकट.

६.८ वेस्टर्नचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण कागदावर ते मला सगळ्यात आवडलं होतं. छोट्या ॲक्शनमध्ये (रायफलची बोल्टची यंत्रणा) बसतं, झटका ७ एमएम पीआरसीहून कमी, गोळी जड. पण दुकानात तयार काडतुसांचे एक-दोनच प्रकार, तेही कधीतरी. केसच्या रकान्यात बहुतेक फुल्या. आणि गोळ्यांचा प्रश्न मुळातूनच आहे: .२७७ व्यासाच्या नळ्या शंभर वर्षं सावकाश आट्यांच्या बनल्या, त्यामुळे कंपन्यांनी या व्यासात १५० ग्रेनपुढे फार काही केलंच नव्हतं. जड गोळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: नॉस्लरची १६५ ग्रेनची, बर्गरची १७०, सिएराची १७५. ७ एमएम आणि ६.५ मध्ये लांब गोळ्यांची परंपरा युरोपातून आलेली, तिथे निवडायला भिंत भरून माल.

७ एमएम पीआरसीचं चित्र उलटं होतं. बाजारात येऊन तीनच वर्षं झाली असूनही तयार काडतुसांची रांग, एडीजी आणि पीटरसनसारख्यांच्या उत्तम केस. महाग, पण आहेत. फक्त पावडर खूप खातं. एक पाउंड डब्यात क्रीडमोरची दीडशेहून जास्त काडतुसं होतात, ७ एमएम पीआरसीची शंभराच्या आसपास. ६.५ पीआरसी मध्ये कुठेतरी. आणि पावडरचा डबा २०२५ च्या उन्हाळ्यात ५५ ते ६५ डॉलरला होता, मिळाला तर.

पावडरवर थोडं थांबतो, कारण खरी अडचण इथेच आहे. जुनी पुस्तकं आणि अनुभवी माणसं ज्या नावांची शिफारस करतात ती एच४३५०, एच१०००, रेटुम्बो ही हॉजडनच्या नावाने विकली जातात, पण तयार होतात ऑस्ट्रेलियात. तपमान बदललं तरी त्यांचा दाब फारसा बदलत नाही, म्हणून मागणी तुफान. मी गेलो तेव्हा त्यांच्या फळ्या रिकाम्या होत्या. त्याआधी २०२४ मध्ये अलायंट या दुसऱ्या पावडर कंपनीने किरकोळ डब्यांचा पुरवठाच काही काळ थांबवला होता, त्यामुळे तिच्या रीलोडर मालिकेचीही ओरड. छोट्या दुकानाच्या मालकाने मला विंचेस्टरची स्टाबॉल एचडी दाखवली. २०२२ मध्ये आलेली, अमेरिकेतच बनणारी, बारीक गोल दाण्यांची, मोठ्या पावडर-जागेच्या काडतुसांसाठी. ती फळीवर होती. लांबट कांडीची पावडर मापात टाकताना अडकते, कापली जाते. ही मापातून पाण्यासारखी उतरते. मात्र गोल दाण्यांची पावडर पेटायला जरा हट्टी असते, म्हणून मॅग्नम प्रायमर. ६.५ पीआरसी आणि ७ एमएम पीआरसी दोघांनाही ती चालते, आणि कंपनी तिचा अधिकृत डेटा (किती पावडर भरायची ते आकडे) देते.

महिनाअखेर वही उघडून बसलो आणि ६.५ पीआरसी ठरवलं. खांद्याने ७ एमएम नाकारलं, फळीने ६.८ नाकारलं. क्रीडमोर आणि ६.५ पीआरसीमध्ये मी वरचा वेग घेतला तो एल्कसाठीच, ३००-३५० यार्डांवर गोळी नीट उमलावी (जनावरात शिरल्यावर पसरावी) म्हणून. फक्त हरणासाठी घेणार असतो तर क्रीडमोरच घेतलं असतं. आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. "माझ्या जुन्या .२७० ने काय बिघडवलंय तुझं?" त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

रायफल घेतली बर्गारा बी-१४, २४ इंची नळी, ८ इंचांत एक आटी. रायफलची किंमत साडेनऊशे डॉलर, त्यावर विक्रीकर आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेला राज्याचा ६.५ टक्के अबकारी कर. हा कर कायद्याने दुकानदारावर आहे, पण पावतीत तो आपल्याकडेच येतो. काडतुसांवरही लागतो, हे बजेट करताना धरा.

खरेदीचा दिवस. बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा. ग्रीनकार्डधारकाला नागरिकांसारखीच रायफल घेता येते. फक्त ओळखपत्रावर सध्याचा पत्ता हवा आणि यूएससीआयएस नंबर फॉर्ममध्ये लिहायचा असतो. कार्ड सोबत ठेवा, नंबर पाठ नसतो कुणाला. एच-१बीवर असलेल्यांसाठी महत्त्वाचं: नॉनइमिग्रंट व्हिसावर रायफल बाळगायला कायद्याने सरसकट मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो, आणि त्याचा पुरावा फॉर्मसोबत द्यावा लागतो. यात आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, पैसे वाचवू नका. दुसरी गोष्ट: कोलोरॅडोत गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने नाही, आणि त्या फॉर्मवर तसा इशारा छापलेला आहे. तो प्रश्न वाचून सही करा.

पार्श्वभूमीची तपासणी राज्याची सीबीआय (कोलोरॅडो ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन) करते. माझी तासाभरात झाली. तरी रायफल त्याच दिवशी मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून किमान तीन दिवस थांबावं लागतं. मंगळवारी पैसे भरले, शनिवारी रायफल घरी आली. तिजोरी आधीच आणून भिंतीला बोल्ट केली होती, कारण घरात मुलं असताना हत्यार कुलपात ठेवणं २०२१ च्या कायद्याने बंधनकारक आहे. बायकोने तिजोरीचा कोड मुलांना अंदाज येणार नाही असा ठेवला, म्हणजे आमच्या कुणाच्याही वाढदिवसाचा नाही.

जुलैत तयार काडतुसांचे काही डबे आणले, २० चा डबा ५२ डॉलर. रायफल झीरो करायला, सराव करायला, आणि मुख्य म्हणजे उडवलेल्या केस साठवायला. तुमच्याच चेंबरमध्ये उडालेली केस त्याच मापाची झालेली असते, भरायला सगळ्यात चांगली. आजोबांच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वेग आला २,९१० च्या आसपास, डब्यावर २,९६० लिहिलेलं. नळी तेवढीच लांब असूनही पन्नास फूट कमी. ही फसवणूक नाही, प्रत्येक नळीचा स्वभाव असतो. डब्यावरच्या आकड्यावर स्कोपची घट बसवू नका एवढंच.

ऑगस्टच्या सुरुवातीला, सकाळी नऊला, कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या (राज्याचं वन्यजीव खातं) साइटवर टॅगची विक्री सुरू झाली. ऑनलाइन रांगेत नंबर येईपर्यंत ऑफिसची एक मीटिंग कॅमेरा बंद ठेवून ऐकली. दुसरा रायफल हंगाम, २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. रहिवाशाला टॅग सत्तर डॉलरच्या आसपास पडतो, बाहेरच्या राज्यातल्याला त्याच्या दहापटीहून जास्त. शिवाय वर्षाला एकदा हॅबिटॅट स्टॅम्प.

मग भरण्याचं काम. स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. पावडर मूळ डब्यातच ठेवायची. घरात २० पाउंडांपर्यंत पावडर आणि दहा हजारांपर्यंत प्रायमर अशी एनएफपीएची (अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) सर्वसाधारण मर्यादा आहे, पण आपल्या गावाचा अग्निशमन नियम आणि घरमालकाचा करार वेगळा असू शकतो, तो बघा. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये बरेचदा सरळ मनाई असते. मी सिंगल-स्टेज प्रेसचा (एका वेळी एकच पायरी करणारं दांड्याचं यंत्र) संच, डाय (केस मापावर आणणारे साचे), कॅलिपर (बारीक मोजपट्टी), केस कापायचं यंत्र आणि दोन कंपन्यांची छापील मॅन्युअल घेतली. सगळं मिळून सातशे डॉलर.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार सकाळी आजोबांच्या गॅरेजमध्ये शिकलो. क्रम सांगायला सोपा आहे. उडालेला प्रायमर काढायचा, केस डायमधून मापावर आणायची, लांबी तपासून कापायची, तोंडाची धार मोडायची, नवा प्रायमर, पावडर, गोळी. अवघड आहे ते प्रत्येक पायरीवर हात सारखा ठेवणं. केसला वंगण कमी लावलं की ती डायमध्ये अशी रुतते की प्रेसला लटकावं लागतं. खांद्यावर जास्त लावलं तर पितळेत खळगा पडतो. बोटांच्या टोकांवर फिल्मसारखं वंगण, एवढंच. खांदा किती मागे ढकलायचा? ०.००२ इंच. कॅलिपरला मापक लावून प्रत्येक केस आधी आणि नंतर मोजायची. पट्टा नसलेल्या केसचा फायदा तो हाच. जुन्या ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नममध्ये काडतूस पट्ट्यावर टेकतं, खांदा ढिला राहतो, दरवेळी केस ताणली जाते आणि काही फेऱ्यांत बुडाजवळ चीर पडते. इथे खांदा आपल्या ताब्यात असतो.

आजोबांच्या गॅरेजचे नियम जसेच्या तसे देतो, कारण ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडले. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, दुसरा कपाटात. फोन घरात. पावडर टाकून झाली की सगळ्या केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करून वरून टॉर्च मारायचा आणि पातळी एकीला एक लावून बघायची. एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली लगेच दिसते. शंका आली तर सगळा ठोकळा ओतून पुन्हा पहिल्यापासून. आणि पावडरचं वजन फक्त छापील मॅन्युअल किंवा कंपनीच्या साइटवरून, सुरुवातीच्या आकड्यापासून वर. कुणाच्या सांगण्यावरून, मेसेजवरून कधीच नाही. म्हणूनच माझा आकडा इथे देत नाही. तो माझ्या नळीचा आहे.

दाब वाढत चालला हे कसं कळतं? बोल्टचा दांडा उचलायला जड जातो. केसच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत गोल ठसा उमटतो. मी वरच्या टोकाच्या बराच आधी थांबलो, कारण १०० यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात यायला लागल्या होत्या आणि वेग तयार काडतुसाच्या जवळ होता. आणखी तीस-चाळीस फुटांसाठी केसचं आयुष्य घालवण्यात अर्थ नाही.

गोळीच्या बाबतीत एक वळण आलं. घरात मांस मुलं खाणार, आणि शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण जखमेच्या आजूबाजूच्या मांसात पसरतात. कोलोरॅडोत शिसं चालतं, कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला पूर्ण बंद आहे. मी सरावासाठी १४३ ग्रेनची शिशाची ठेवली आणि हंगामासाठी हॉर्नडीची १३० ग्रेनची तांब्याची सीएक्स भरली. तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. जलद आट्यांची नळी इथेही कामी येते. उलट बाजू अशी की तांब्याची गोळी उमलायला वेग लागतो, त्यामुळे मी माझी मर्यादा ३०० यार्ड ठरवली. शिशाची शंभर गोळ्यांची पेटी ४८ डॉलर, तांब्याची पन्नासची ४५. गोळी बदलली की पावडर पुन्हा खालून वर न्यायची, झीरो पुन्हा तपासायचा. सप्टेंबरचे दोन शनिवार त्यात गेले.

हंगामात काय झालं ते थोडक्यात. केशरी जॅकेट-टोपी (५०० चौरस इंच केशरी किंवा भडक गुलाबी रंग अंगावर सक्तीचा आहे), पहाटेची थंडी, भरपूर चाल. चौथ्या दिवशी अडीचशे यार्डांवर एक तरुण नर मोकळ्यात आला. बऱ्याच युनिटांत नियम असा की एका शिंगाला किमान चार टोकं हवीत किंवा कपाळावरचं टोक पाच इंचांचं. दुर्बिणीतून बघितलं, टोकं मोजली, भरत नव्हती. बोल्ट उघडला. पुढे जंगलात आणखी काही दिसलं नाही. टॅग रिकामाच राहिला, आजोबांचाही.

आता हिशेब, कारण विचारणारे शेवटी तिथेच येतात. घरी भरलेलं शिशाचं काडतूस मला केस सोडून एक डॉलर दहा सेंटच्या आसपास पडतं: गोळी पन्नास सेंट, पावडर पन्नास, प्रायमर दहा. तयार मिळतं दोन डॉलर साठला. दर काडतुसामागे दीड डॉलर वाचला तर सातशेचा संच वसूल व्हायला साडेचारशेहून जास्त काडतुसं उडवावी लागतात. वर्षाला दीडशे उडवणाऱ्याला तीन वर्षं. वर्षातून एक डबा संपवणाऱ्याने प्रेस घेऊच नये, चांगल्या गोळीचं तयार काडतूस घ्यावं.

भरायचंच ठरलं असेल तर प्रायमर आणि पावडर ऑनलाइन एकट्यादुकट्याने मागवू नका. प्रत्येक ऑर्डरवर वेगळी हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी लागते, डबा एक असो की आठ. आम्ही चौघांनी मिळून एकदाच मागवलं. आणि पावडर घेताना डब्याच्या तळाचा लॉट नंबर बघून, दोन डबे लागणार असतील तर एकाच लॉटचे घ्या. लॉट बदलला की पुन्हा सुरुवातीच्या आकड्यावर यावं लागतं. माझ्याकडे स्टाबॉल एचडीचे एकाच लॉटचे दोन डबे आहेत, पुढच्या हंगामाला तेवढे पुरतील.